दोन वर्षांचा व्हिसा, चौदा वर्षांची शाळा

दुबईत नोकरी लागलेल्या माणसाला पगार विचारणं असभ्य समजलं जातं, म्हणून आपण मुलांची शाळा विचारतो. काम तेच होतं. तिथल्या खासगी शाळांची फी सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर इयत्तावार टाकलेली असते, त्यामुळे शाळेचं नाव एकदा कळलं की उरलेला हिशेब डोंबिवलीत बसूनही करता येतो. भारतीय अभ्यासक्रमाच्या जुन्या शाळांत वर्षाकाठी काही हजार दिरहमांत भागतं. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या मधल्या फळीत पन्नास-साठ हजार लागतात. जेम्स समूहानं 2025मध्ये उघडलेल्या एका शाळेनं बालवर्गापासूनच 1 लाख 16 हजार दिरहम आणि शेवटच्या वर्षाला 2 लाख 6 हजार असा दर लावला. रुपयांत ही शेवटची रक्कम चाळीस लाखांच्या पुढे जाते, म्हणजे एका वर्षाच्या शाळेत पुण्याच्या कडेला एक छोटा फ्लॅट बसतो. या शिडीवर आपलं मूल कुठल्या पायरीवर बसणार, हे पालक खूप विचार करून ठरवतात असा समज आहे. प्रत्यक्षात ते ऑफर लेटरमधल्या शिक्षण भत्त्याच्या ओळीनं केव्हाच ठरवलेलं असतं. उरलेला विचार नंतर, त्या ओळीला शोभेल असा केला जातो.

हा विचार करताना एक गोष्ट कटाक्षानं टाळली जाते. खासगी नोकरीवर मिळणारा तिथला निवासी व्हिसा साधारण दोन वर्षांचा असतो. नोकरी गेली तर तोही जातो आणि थोड्या मुदतीत दुसरी नोकरी किंवा विमान यांपैकी एक गाठावं लागतं. नागरिकत्व मिळण्याचा मार्ग सामान्य माणसाला नाही. दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळाला तरी तो दहा वर्षांचाच. म्हणजे अमेरिकेला गेलेल्या माणसाला जो भ्रम परवडतो तो आखातात गेलेल्याला कायद्यानंच परवडत नाही: आज ना उद्या निघायचं आहे. आणि हा माणूस दोन वर्षांच्या व्हिसावर बालवर्ग ते बारावी असा चौदा वर्षांचा अभ्यासक्रम निवडायला बसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की परदेशी जाताना शाळेची निवड हा शिक्षणाचा प्रश्न फार कमी वेळा असतो. आपण परत कधी आणि कुठे जाणार, या प्रश्नाचं उत्तर द्यायचं पुढे ढकलण्याची ती सर्वांत महागडी पद्धत आहे.

पूर्वीच्या लोकांना हे ढकलणं जमत नव्हतं, कारण त्यांच्याकडे तेवढे पैसे नव्हते. दुबईतली इंडियन हायस्कूल 1961 साली सुरू झाली, म्हणजे संयुक्त अरब अमिरात हा देश जन्माला यायच्या दहा वर्षं आधी. तिथल्या भारतीयांनी आपल्या मुलांसाठी भारतीय शाळा काढली, यामागे काही थोर तत्त्वज्ञान नव्हतं. मुलं परत जाणार, तेव्हा त्यांना तिकडच्या वर्गात बसता आलं पाहिजे, इतकाच व्यवहार होता. ज्यांना आपण आंतरराष्ट्रीय शाळा म्हणतो त्यांचा उगमही अशाच व्यवहारात आहे. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या कर्मचाऱ्यांची मुलं जिनिव्हात कुठे शिकणार, या अडचणीतून 1924 साली तिथली आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. अशा फिरत्या मुलांना कुठल्याही देशातल्या विद्यापीठात चालेल अशी एकच परीक्षा हवी, म्हणून 1968मध्ये त्याच शहरात इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजे आयबीची स्थापना झाली. आज जिनिव्हा, उद्या नैरोबी, परवा बँकॉक, अशा बदल्या होणाऱ्या घरांसाठी ती सोय होती आणि चांगली सोय होती. पुढचं गाव कुठलं हे ठाऊक नसलेल्यांसाठी ती बेतलेली आहे. आपल्या आखाती मराठी माणसाला पुढचं गाव ठाऊक असतं. त्याचा हप्ता तो दर महिन्याला भरत असतो, आणि ते बाणेरला किंवा घोडबंदर रोडला असतं. एका खात्यातून जागतिक नागरिकाची फी जाते, दुसऱ्यातून तीन बीएचकेचा हप्ता. दोन्ही खाती एकाच माणसाची आहेत, फक्त त्यांची एकमेकांशी ओळख करून दिलेली नाही.

यावर कुणी म्हणेल की पालक काही आंधळे नसतात. दुबईत शाळांची सरकारी तपासणी होत आली आहे आणि अहवाल सर्वांना वाचायला मिळतात. खरं आहे, आणि हे तपासणीचं काम तिथे आपल्यापेक्षा कितीतरी गंभीरपणे झालेलं आहे. 2008 पासून तपासनीस वर्गांत बसून शाळांना श्रेणी देत आले: सर्वोत्तम, खूप चांगली, चांगली, चालण्यासारखी, आणि खाली कमकुवत. पण हीच श्रेणी वर्षानुवर्षं फीवाढीलाही बांधलेली होती. 2023-24 साठी ज्या शाळेनं आपली श्रेणी टिकवली तिला 3 टक्के वाढ मंजूर होती, आणि जिनं ती सुधारली तिला काही बाबतींत 6 टक्क्यांपर्यंत. म्हणजे शाळा सुधारल्याचा पेढा पालकांनी वाटायचा आणि पेढ्याचं बिलही पालकांनीच भरायचं. शाळेच्या बाजूनं बघितलं तर यात गैर काही नाही, चांगल्या शिक्षकाला पैसे लागतात. गंमत पुढे आहे. हे अहवाल लांबलचक असत, त्यांत शाळेतले किती शिक्षक वर्षात सोडून गेले याचा टक्का दिलेला असे, आणि माझ्या मते अख्ख्या अहवालात वाचण्यासारखा आकडा तोच. पण पालक वाचतात पहिल्या पानावरचा एक शब्द. तो बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकता येतो. शिक्षक सोडून जाण्याचा टक्का टाकला तर कुणी अंगठासुद्धा दाखवत नाही.

शाळेच्या टूरमध्ये काय विचारलं जातं तेही बघण्यासारखं आहे. तलाव ऑलिंपिक मापाचा आहे का, रोबोटिक्स कुठल्या इयत्तेपासून, वर्गात किती देशांची मुलं आहेत. या शेवटच्या प्रश्नात एक नाजूक अर्थ दडलेला असतो: भारतीय फार नाहीत ना? नंतर अहवालातून कळतं की सर्वांत मोठा गट भारतीयांचाच आहे, आणि त्यांच्या पालकांनीही टूरमध्ये हेच विचारलं होतं. जो प्रश्न बहुधा कुणाच्याच तोंडून निघत नाही तो अरबीचा. खासगी शाळांतल्या अरबी नसलेल्या मुलांनाही नववीपर्यंत अरबी सक्तीनं शिकावी लागते. इतकी वर्षं तास होऊनही मुलाला दुकानात धड एक वाक्य बोलता येत नाही, याचं घरात कुणाला वाईट वाटत नाही. तपासनीसांनाच वाटतं. परभाषा म्हणून शिकवल्या जाणाऱ्या अरबीबद्दलची त्यांची नाराजी अहवालांमागून अहवालांत दिसते. जगाशी नातं जोडायला निघालेल्या कुटुंबाला शेजाऱ्याची भाषा आली नाही तरी चालते. फ्रेंच आहे ना, मग झालं.

आता खरा आक्षेप. शाळा म्हणजे काय फक्त प्रवेशपरीक्षेची रांग आहे का? मुलाला मैदान मिळतं, नाटक मिळतं, शिक्षक त्याचं ऐकून घेतात, चुकलं तर ओरडत नाहीत, निबंध स्वतःचा लिहायला लावतात. आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांत चार हजार शब्दांचा स्वतंत्र शोधनिबंध लिहावा लागतो; आपल्याकडे एम.ए. झालेले कितीतरी लोक तेवढं सलग लिहिण्यापासून वाचलेले आहेत. हे सगळं मला मान्य आहे. ज्याला हे हवं आहे आणि जो त्याची पुढची किंमतही मोजणार आहे, मुलाला ब्रिटन, नेदरलँड्स किंवा ऑस्ट्रेलियाला पाठवणार आहे, त्यानं खुशाल मोजावी. त्याच्याशी माझं भांडणच नाही. (सीबीएसईच्या बारावीवरही तिकडची पुष्कळ विद्यापीठं दार उघडतात, हे त्याला सांगून त्याचा विरस करू नये.) भांडण आहे ते पहिली ते आठवी शोधवृत्ती जोपासून नववीत अचानक जेईई आठवणाऱ्याशी. राजस्थानातल्या कोट्याच्या क्लासनं आखातात शाखा काढल्या त्या काही हवा खायला काढलेल्या नाहीत. दिवसा मूल 'तुला काय वाटतं' या प्रश्नाचं उत्तर देतं आणि संध्याकाळी चार पर्यायांतून एक निवडतं. दोन्हीकडची फी भरली जाते. बापाची समजूत अशी की दोन्ही जगांतलं उत्तम मिळतंय; मुलाला मिळतो तो दोन्हीकडचा गृहपाठ.

आठवणारी वेळही नेमकी चुकीची असते. सीबीएसईत दहावीच्या परीक्षेची नोंदणी नववीतच होते आणि थेट दहावीत किंवा बारावीत शिरायला पालकांच्या बदलीसारखं सबळ कारण दाखवावं लागतं. ब्रिटिश पद्धतीत सोळाव्या वर्षाची परीक्षा मे-जूनमध्ये होऊन निकाल ऑगस्टमध्ये लागतो, तोवर इकडे अकरावीच्या प्रवेशफेऱ्या बऱ्याच पुढे गेलेल्या असतात. परतायला सोयीच्या दोन-तीन खिडक्या सोडल्या तर मधल्या वर्षी परतणं म्हणजे मुलाचं एक वर्ष अधांतरी. नोकरी मात्र खिडकी बघून जात नाही. 2020मध्ये करोनानं नोकऱ्या खाल्ल्या तेव्हा पुढच्या शैक्षणिक वर्षात दुबईच्या खासगी शाळांतली मुलं हजारोंनी घटली, ती काही अभ्यासक्रम आवडला नाही म्हणून गेली नव्हती. ज्यांनी आधी परतीचा हिशेब केला होता त्यांचे हालही झालेच, पण त्यांना निदान कुठल्या वर्गाचं दार ठोठावायचं ते माहीत होतं.

आणि महाराष्ट्र वाट बघत असतोच. वैद्यकीयच्या राज्य कोट्यातल्या जागेसाठी सर्वसाधारण नियम असा की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. इथे दुबईतला सीबीएसईवालाही आयबीवाल्याच्याच बाकावर बसतो. आजोबांचा सातबारा सातारचा असला तरी उपयोग नाही. अखिल भारतीय कोटा आहे, एनआरआय कोटा आहे, आणि त्या दुसऱ्याची फी बघितल्यावर शाळेची फी स्वस्त वाटू लागते. इंजिनीअरिंगला त्या मानानं बरी सोय आहे. एनआयटीसारख्या संस्थांत आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत, प्रवेश जेईई मेनवर, फी इथल्या मुलांसारखी. योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुबईतल्या सोनापूर या कामगार वसाहतीतून बसनं साइटवर जाणारा माणूस असेल कदाचित. अर्ज भरायला ऑनलाइन रांगेत असतात रीजनल व्हाइस प्रेसिडेंट, आणि 'कामगार' या रकान्यावर टिक करताना त्यांचा हात जराही थरथरत नाही.