दीड किलोची लेन्स, पाऊण किलोचं पिल्लू

मांजरीच्या पिल्लाला फोटो काढून घ्यायची हौस अजिबात नसते. हौस असते ती फोटो काढणाऱ्याला. त्यात कुणी समाजकार्याचं निमित्त दिलं, की त्याला घरचेसुद्धा अडवू शकत नाहीत.

मला हे निमित्त मांजरांचा निवारा चालवणाऱ्या एका ताईंनी दिलं. "काका, फोटो चांगला असला की पिल्लू लवकर दत्तक जातं. तुमच्याकडे कॅमेरा आहे ना?"

कॅमेरा होता. पण एवढ्या मोठ्या कार्याला कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स वापरायची, हे काही मनाला पटेना.

सुरुवात ७०-२०० झूमपासून झाली, एफ २.८. "साहेब, लग्नाचे फोटोग्राफर हीच वापरतात," दुकानदार म्हणाला. पिल्लांचीही स्थळंच बघायची होती, तेव्हा मुद्दा बिनतोड होता. लेन्सचं वजन दीड किलोच्या आसपास. सहा-सात आठवड्यांचं पिल्लू भरतं जेमतेम पाऊण किलो. "एवढ्या पैशांत सगळ्या पिल्लांच्या लसी झाल्या असत्या," असं सौ. म्हणाली. कलेत हिशेब आणू नये, एवढंच मी तिला शांतपणे सांगितलं आणि बिल खिशात खोल सारलं.

मी घेतलेलं मॉडेल १.२ मीटरच्या आत फोकस करत नाही. पिल्लांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. माणूस दिसला की ती थेट पायात येतात. मी एक पाऊल मागे गेलो की त्यांची चार पावलं पुढे. दहा बाय दहाच्या खोलीत मागे जाऊन जाऊन जाणार कुठे? माझी टाच लिटरच्या ट्रेमध्ये जाऊन थांबली. त्या दिवसाच्या फोटोंत कोपऱ्यातला गॅस सिलिंडर मात्र अप्रतिम आला आहे. दत्तक द्यायचा असता, तर संध्याकाळपर्यंत गेला असता.

मग पन्नास एमएमची प्राइम आणली, एफ १.८. हिची कीर्ती अशी, की मागची भिंत, बादली, झाडू सगळं विरघळून जातं. विरघळलं खरं. पण अर्ध्या मीटरवरून एवढं ॲपर्चर उघडलं, की जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. पिल्लाचं नाक आणि डोळे यांत त्याहून जास्त अंतर असतं, ही शरीररचनेतली बाब मला त्या दिवशी समजली. नाकाचा ओलावासुद्धा मोजता यावा इतका स्पष्ट, आणि वर दोन धुरकट ठिपके. ताईंनी फोटो निरखून पाहिला. "काका, हिच्या डोळ्यांना काही झालंय का? लोक विचारतील हो." निवाऱ्यातल्या पिल्लांना डोळ्यांचा संसर्ग होतोच, त्यामुळे शंका रास्त होती. त्या पिल्लाला ड्रॉप्स घालणार होत्या, मी कसंबसं थांबवलं. ड्रॉप्सची गरज खरं तर मला होती.

ॲपर्चर मिटलं तर उजेड कमी, उजेड कमी तर शटर मंद, आणि मंद शटरला पिल्लू म्हणजे नुसता फराटा. फ्लॅशला ताईंनी आधीच बंदी घातली होती. समोरून फ्लॅश मारला की मांजराच्या डोळ्यांतला आतला पडदा प्रकाश परत फेकतो, आणि गोजिरवाणं पिल्लू भयपटातलं दिसतं. म्हणून आयएसओ चढवला आणि शटर १/५०० वर नेलं. आता खोलीतली ट्यूबलाइट आडवी आली. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. आपल्याला ते दिसत नाही, १/५०० च्या शटरला दिसतं. एकच पिल्लू एका फोटोत पिवळसर, दुसऱ्यात करडं. एका बाईंनी विचारलंही, "दोघी बहिणी आहेत का? जोडीनंच नेऊ."

अमेरिकेतल्या वॉल्टर चांदोहा यांनी १९४९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या बर्फातून एक पिल्लू घरी आणलं आणि पुढे आयुष्यभर मांजरांचे नव्वद हजारांहून अधिक फोटो काढले. मांजराच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरायचं, ही त्यांची रीत. मीही फरशीवर पालथा झालो. आडवं होण्यात कौशल्य लागत नाही. पाठीवर तीन पिल्लं झोपी गेल्यावर उठण्यात मात्र लागतं. "झोपलीयेत, हलू नका," ताई कुजबुजल्या आणि दार लोटून चहाला गेल्या.

माझ्या सामग्रीचं परीक्षण पिल्लांनी स्वतंत्रपणे केलं. कॅमेऱ्याचा पट्टा: चावायला उत्तम. ट्रायपॉड: चढायला बरा, उतरायला वाईट. बॅग: प्रशस्त, ऊबदार, शिवाय शू शोषून घेणारी. लेन्सबद्दल कुणीच मत दिलं नाही.

सगळ्यांत शेवटी उरलं एक काळं पिल्लू. काळ्यांना नेहमीच वेळ लागतो, असं ताई सांगत. आपल्याकडे अजून काळी मांजर आडवी जाते. त्यात कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सारं मध्यम करडं धरून चालतो, त्यामुळे काळं मांजर राखाडी येतं. म्हणून एक्स्पोजर थोडं उणं करायचं असतं. उणे एक पुरलं असतं. मी जोखीम न घेता उणे तीन केलं. फोटोत आला काळोख आणि त्यात दोन डोळे. दुसरा काढायला पिल्लू हाती लागेना, म्हणून ताईंनी तोच टाकला.

रविवारी एक कुटुंब आजींसह हजर. "फोटोत नेमकं काय आहे यावरून घरात वाद झाला," गृहस्थ म्हणाले. "आईचं म्हणणं, घुबड. म्हटलं, बघूनच येऊ." तोवर पिल्लू आजींच्या पदरात शिरून घुरघुरायला लागलं होतं. तासाभरात कागदांवर सह्या झाल्या.

"काका, आता सगळ्यांचे असेच काढा," ताई म्हणाल्या.

मी जिन्यातूनच दुकानदाराला फोन लावला. काळोखच टिपायचा तर एफ १.२ ची लेन्स हवी, हे त्याला एका वाक्यात पटलं.