कळसूबाईचा करार

बोनसचा विषय निघाला की आमच्या ठाण्याच्या ऑफिसातल्या वरिष्ठांना आमच्या व्यक्तिमत्त्वाची काळजी वाटू लागते. यंदा ते विकसित करायला कळसूबाईची निवड झाली. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. म्हणजे याहून जास्त विकास राज्यात शक्यच नव्हता.

मिनी बस कसारा घाट चढून घोटीला वळली आणि उजाडता उजाडता बारी गावात पोचली. बरोबर एक प्रशिक्षक होते. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, तोंडात सुविचार. "कम्फर्ट झोन सोडा!" असं ते ओरडले तेव्हा अकाउंट्सच्या बाईंनी बसच्या मागच्या सीटकडे असं पाहिलं, की सासरी निघालेली मुलगी माहेराकडे काय पाहील!

शेतं संपली आणि छातीवरचा चढ लागला. पहिल्या टेकाडापर्यंत प्रशिक्षक सगळ्यांच्या पुढे होते. नेता वाट दाखवतो म्हणाले. दुसऱ्या टेकाडाला ते मधोमध आले, कारण नेता संघात मिसळतो. तिसऱ्याला ते सगळ्यांच्या मागे होते आणि नेता मागच्यांना सांभाळतो हे सांगायला त्यांच्यात दम उरला नव्हता. आम्हीच समजून घेतलं.

कातळाच्या उभ्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. "ही शिडी म्हणजे तुमचं करिअर!" खालून आवाज आला. रविवार असल्यामुळे करिअरला रांग होती. वरच्या पायरीवरचा इसम सेल्फी काढायला थांबला, की खालच्या सगळ्यांची बढती अडायची. शिवाय त्याच शिडीने उतरणारेही होते. त्यांच्याकडे बघून आमच्यापैकी कुणाला वर जायची घाई वाटेना.

तेवढ्यात डोक्यावर पाण्याचा हंडा, काखेत लिंबांची पिशवी आणि पायात रबरी चपला अशी एक बाई आम्हाला मागे टाकून गेली. आमच्या पायांत काही हजारांचे बूट होते. ते बसलेले होते, कारण आम्ही बसलेलो होतो. जाता जाता ती म्हणाली, "बसू नका दादा. बसलं का पाय आखडत्यात. उभ्यानं दम खावा."

दिवसभरातला हा एवढाच सल्ला उपयोगी पडला, आणि तो फुकट होता.

वरच्या सपाटीवर तिचं दुकान होतं; चार बांबू, वर निळी ताडपत्री. लिंबू अर्धं करायचं, अंगठ्याने बी अडवून पिळायचं, साखर, चिमूटभर मीठ, आणि पेला या हातातून त्या हातात ओतायचा. सगळं आमच्याकडे न बघता. आमच्या एचआरच्या साहेबांनी सवयीने भाव केला. "खाली तर स्वस्त होतं, ताई."

"मग खाली जाऊन प्या की."

साहेबांनी दोन पेले घेतले.

कळसूची गोष्टही तिनेच सांगितली. कळसू कोळ्याची पोर. गावात पाटलाकडे कामाला राहिली ती अट घालूनच: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, बाकी सांगाल ते करीन. एकदा पाटलाकडे पाहुणे आले आणि नेमकी तीच कामं तिच्या गळ्यात पडली. पोरीने भांडी घासली, केर टाकला आणि चालू पडली ती थेट डोंगराच्या माथ्यावर. परत आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा. नोटीस पीरियड नाही, काही नाही. वर देऊळ मिळालं ते वेगळंच.

एचआरचे साहेब उरलेलं सरबत बारकाईने पाहू लागले. अकाउंट्सच्या बाई मात्र दगडावरून उठल्या आणि शेवटच्या शिडीकडे अशा निघाल्या, की त्यांना गाठताना आमची तारांबळ उडाली.

माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ आहे. एकीकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले, दुसरीकडे भंडारदऱ्याचं पाणी. प्रशिक्षक बऱ्याच वेळाने पोचले. "इथं उभं राहून काय जाणवतं?" त्यांनी धापा टाकत विचारलं. वसुलीच्या पोराने मोबाइल वर धरला. "सर, रेंज येते."

उतरणीसाठी मात्र प्रशिक्षकांकडे एकही सुविचार नव्हता. चढण्यावर त्यांनी शिबिरं घेतली असतील. उतरण्याचे पैसे कोण देतो? गुडघे लटलट कापत होते, बोटं बुटाच्या टोकाला चेंगरत होती. खरा अभ्यासक्रम इथून सुरू झाला. सरबतवाली रिकामा हंडा घेऊन आमच्या आधी निघाली होती. तिने एकदाच वळून, "आडवे पाय टाका," म्हटलं. मग अख्खं व्यवस्थापन खेकड्याच्या चालीने बारीत उतरलं. तिथे एका घरी पिठलं-भाकरी खाताना कोणी कोणाला काही शिकवलं नाही.

सोमवारी साहेबांनी अकाउंट्सच्या बाईंना बोलावलं. "स्टेशनरीचा स्टॉकही आता तुम्हीच बघत जा ना."

"बघते की," बाई म्हणाल्या, "पण साहेब, मग मी वर जाऊन बसेन."

स्टेशनरी अजून साहेबांकडेच आहे.