हा ‘वाह’ माझा

“सध्या काय ऐकतोयस?” असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नये. विचारणाऱ्याला तुमच्या ऐकण्यात काडीचा रस नसतो. “काही विशेष नाही हो, असंच आपलं...” एवढं पुटपुटलात की तुमचं काम संपलं. पुढचा पाऊण तास त्याचा.

ही जमात एके काळी पुण्याच्या पेठांत सापडायची. पेठेतले वाडे पडले तशी ती कोथरूड, सिंहगड रस्ता अशी पांगली आणि त्यातला एक अस्सल नमुना आमच्या सोसायटीच्या वाट्याला आला. तिसऱ्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त, सोसायटीचे सेक्रेटरी.

“काका, लिफ्ट कधी सुरू होणार?”

“होईल रे. सध्या किशोरीताईंचा भूप ऐकतोय.”

या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध काय, असं नवीन भाडेकरू विचारतात. जुने जिन्याने जातात.

काकांचं ‘सध्या’ तीन-तीन महिने चालतं. “आमच्याकडे भाजी रोज बदलते,” काकू सांगतात, “भूप गणपतीपासून तोच आहे.” भूप अप्रतिमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच एलपीच्या दुसऱ्या बाजूला बागेश्री आहे, तीही काही कमी नाही. काका मात्र रेकॉर्ड उलटायला तयार नाहीत. “अरे, पाचच सूर आहेत, पण अजून हीच बाजू पुरती कळली नाही. उलटायची घाई कशाला?”

काका कुठल्याही कलावंताचं पूर्ण नाव घेत नाहीत. अण्णा, कुमारजी, ताई, बुवा. ‘खाँसाहेब’ म्हणताना उजवा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. कुठले खाँसाहेब, हे विचारायची सोय नाही. किराण्याचे अब्दुल करीम खाँ, इंदूरचे अमीर खाँ, आग्र्याचे फैयाज खाँ की सतारीवाले विलायत खाँ, हे पाळी किती जोरात ओढली त्यावरून ओळखायचं. मी एकदा विचारलं होतं. काकांनी काकूंकडे असं पाहिलं, की काकू माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या.

रेकॉर्ड लावण्याचा विधी बघण्यासारखा असतो. आधी हात धुऊन कोरडे करायचे. मग रेकॉर्ड आतल्या कागदासकट बाहेर काढायची, दोन तळव्यांच्या मधे कडेवर तोलायची, खिडकीच्या उजेडात तिरकी धरून ओरखडे तपासायचे. मग मखमलीच्या तुकड्याने गोल गोल पुसायची. हा तुकडा काकूंच्या शालूच्या पेटीतला आहे आणि त्यावर अजून निकाल लागलेला नाही. शेवटी सुईवर हलकी फुंकर. एवढं होईपर्यंत आपला चहा गार झालेला असतो आणि रेकॉर्ड सुरू झाली की कप बशीत ठेवता येत नाही, कारण आवाज होतो.

मग खरखर सुरू होते. “ऐक,” काका डोळे मिटून म्हणतात. गाणं अजून सुरूच झालेलं नसतं.

पण एलपी हा झाला बाहेरच्यांसाठीचा दिवाणखाना. घरच्यासारखं नातं जमलं की काका कपाट उघडतात आणि कॅसेट काढतात. कुणाच्या तरी बंगल्यावरची बैठक, कुणीतरी मांडीखाली टेपरेकॉर्डर ठेवून उतरवलेली, तिच्यावरून चौथ्यांदा उतरवलेली ही प्रत. कव्हरवर निळ्या शाईत गवई, लाल शाईत राग. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपणार आणि गवयाला त्याची कल्पना नसणार, त्यामुळे तान ऐन वर चढताना खट्कन तुटते. काकांनी ती तान इतक्यांदा ऐकली आहे, की मैफलीत कुणी तो राग गायला लागलं तर बरोबर त्या जागी त्यांचा हात कॅसेट उलटायला उठतो.

ह्या ध्वनिमुद्रणांत गाण्याइतकाच मान श्रोत्यांना असतो. “हा खोकला ऐकलास? आमचे वकीलसाहेब. दमा होता, पण बैठक चुकवली नाही कधी.” पुढे दोन मिनिटांनी, समेवर, कुणीतरी ‘वाह’ म्हणतं. काका टेप थांबवतात, मागे घेतात, पुन्हा लावतात.

“हा ‘वाह’ माझा.”

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी रेकॉर्डिंग केलं, तेव्हा प्रत्येक रेकॉर्डच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायच्या. रेकॉर्ड छापल्या जायच्या जर्मनीत. तिथल्या लोकांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून. त्या खणखणीत गायल्या आणि मग नाव सांगितलं. काका नुसत्या ‘वाह’वर नाव सांगतात. शिवाय आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या एका आजोबांच्या मते तो ‘वाह’ त्यांचा आहे. दोघांचं दोन वर्षं बोलणं नाही. सोसायटीची वार्षिक सभा त्यामुळे लवकर आटोपते.

कॅसेट उसनी मिळते, नाही असं नाही. पण त्याची वही आहे. तारीख, नाव, फ्लॅट नंबर, सही. मी कुमारजींची एक कॅसेट नेली आणि परत करायला उशीर केला, तर काकांनी जिन्यात गाठलं. “केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, ठाऊक आहे ना? ती परत येणार नाही हे मी मान्य केलंय. तू दुसऱ्या मजल्यावर राहतोस.”

मोबाइल आल्यापासून रसग्रहणाचा हा प्रसाद घरपोच होतो. ‘श्रवणभक्ती’ गटावर पहाटे पाचला ललत, अकराच्या सुमारास सारंग. वेळेच्या बाबतीत काका कडक. मारवा संध्याकाळीच. आता त्यांचा मुलगा न्यू जर्सीत. डिसेंबरात तिकडे साडेचारला मावळतं, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे तीन. काका गजर लावून उठतात, अमीर खाँसाहेबांचा मारवा पाठवतात, खाली लिहितात, “आत्ता ऐक. नंतर नको.” मुलगा त्या वेळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतो आणि मनापासून अंगठा पाठवतो. त्याच एलपीवर दुसऱ्या बाजूला दरबारी आहे. तो रात्रीचा, म्हणजे इकडे आमच्या नाश्त्याच्या वेळेला काका पुन्हा फोन घेऊन बसलेले.

हल्ली एलपीची नवी हौस आली आहे. काकांचा भाचा एलपी विकत घेतो. त्याच्याकडे ती वाजवायचं यंत्र नाही, भिंत आहे. त्याने काकांना एकदा कर्वे रस्त्यावरच्या एका कॅफेत नेलं. तिथे एलपीची घड्याळं करून टांगली होती. मला वाटलं काका संतापतील. काका खुर्चीवर चढले. वेटर “सर, सर” करत धावला, तोवर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून काट्यांखालचं लेबल वाचलं होतं. खाली उतरून म्हणाले, “नशीब. सिनेमाची आहे.”

बाकी दुर्मिळतेचा सोस एवढा, की ज्याच्या-त्याच्या घरी असलेल्या रेकॉर्डला काका किंमत देत नाहीत. शिवकुमार, हरिप्रसाद आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ म्हटलं की नाक मुरडतात. “ती काय, सगळ्यांकडे असते.” पण भर दुपारी, काकू भिशीला गेल्या की, तिसऱ्या मजल्यावरून संतूर, बासरी आणि गिटार ऐकू येते. तेव्हा खरखर बरीच जास्त असते. इतकी झिजलेली रेकॉर्ड त्यांच्या कपाटात दुसरी नाही.

तर कधी आमच्याकडे आलात तर काकांकडे जरूर जा. जेवून जा. टेप चालू असताना बोलू नका, समेवर मान हलवा, खोकला आला तर बिनधास्त खोका, पुढेमागे नाव होईल. फक्त “हे यूट्यूबवर आहे का हो?” असं तेवढं विचारू नका. आहे. त्यांनीच टाकलंय, वकीलसाहेबांच्या खोकल्यासकट, आणि खाली वर्णनात मिनिट-सेकंद देऊन लिहिलंय, ‘वाह’ कुणाचा ते.