असीरगड, फासा आणि गटप्रकल्प

बुऱ्हाणपूरवर विद्यार्थ्यांच्या गटाने पटावरचा खेळ करायचा म्हटले की पुढचे आधीच सांगता येते: सापशिडीचाच पट, शिडीच्या जागी शहराजवळचा असीरगड किल्ला, सापाच्या जागी दुष्काळ. २०२१ च्या ‘टॉयकॅथॉन’मध्ये सरकारने भारतीय संस्कृतीवरचे खेळ मागवले; संस्कृती पुठ्ठ्यावर चिकटवायला डिंक पुरतो, हा समज मात्र त्याहून जुना आहे. खेळाचे म्हणणे नियमांतून कळते. एलिझाबेथ मॅगीने १९०४ साली पेटंट मिळवलेल्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये जमीनदारीवरची टीका खेळाडूला भाडे भरता भरता उमगायची. असीरगड १६०१ मध्ये अकबराला मिळाला तो तोफांपेक्षा लाचेने, असे अनेक इतिहासकार मानतात. हे फाशाने कसे दाखवणार? बुऱ्हाणपूरच्या जुन्या पाणीयोजनेत, कुंडी भंडाऱ्यात, तर सातपुड्याकडून झिरपलेले पाणी भुयारातून, कुंडीमागून कुंडी, निव्वळ उताराने शहराकडे येते. वर अडले की खाली कोरड. इतका तयार नियम सोडून आपण सहा पडण्याची वाट पाहतो.

कोणी म्हणेल, सत्रात वेळ कुठे असतो, आणि मुले गटात काम करायला शिकतात हे काय कमी? शिकतात खरी. एक जण राबतो, एक पुठ्ठा आणतो, बाकीचे सादरीकरणाला इस्त्रीचे शर्ट घालून येतात आणि गुण सर्वांना सारखे. हे नियम कुणी लिहिलेले नाहीत, तरी सर्वांना पाठ. तेच पटावर उतरवले असते, तर असीरगडच्या किल्लेदारालाही ओळखीचे वाटले असते. परीक्षक मात्र रंगसंगतीला पैकीच्या पैकी गुण देऊन पुढच्या टेबलाकडे वळतात. गुणपत्रकात ‘खेळून पाहिले’ असा रकानाच नसतो.