गेट भक्कम, मैदान कुठंय?

आमच्या दादाच्या मते कॉलेजला आधी गेट लागतं. गेट भक्कम असलं की आत शिक्षण असतंच. गोंदेश्वराच्या गावात जन्म काढल्यामुळे सिन्नरकराला दगडकामाची उपजत पारख असते, असा आमच्या घरात समज आहे. यादवांच्या काळातलं शिखर बघायला मान वर करायची सवय लागली की माणूस खाली बघत नाही. पुतणीचं, म्हणजे दादाच्या लेकीचं, नेमकं उलट. ती पाच हजार मीटर पळते, म्हणून फक्त खालीच बघते.

पाच हजार म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर साडेबारा चकरा. दादाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, “अर्धी कशाला? तेरा करा, हिशेब तरी पुरा होईल.” तिचा बारावीचा निकाल लागला आणि नाशिकला कॉलेज बघायला मला सोबत धाडण्यात आलं. दादाने बजावलं, “फी विचार, होस्टेल बघ, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असतं, ते कुठून मिळतं तेही विचार.” जणू ते ऑफिसातल्या खिडकीवर पावती फाडून देतात.

मोहदरी घाट उतरताना एसटीतले सगळे डुलक्या घेत होते. ही खिडकीला नाक लावून म्हणाली, “काका, येताना हा चढ होईल ना?” मी म्हटलं, “हो, पण चढायचा गाडीला आहे.” “हिल वर्कआउटला भारी आहे,” ती म्हणाली. पुढे शिंद्याचा टोलनाका येईपर्यंत मी तिच्या पप्पांना हे कसं सांगायचं याचा विचार करत होतो.

पहिलं कॉलेज दादाने निवडलेलं. नाव सांगत नाही. गेटवर सिमेंटचे दोन सिंह होते एवढं पुरे. आम्ही सकाळी अकराला पोहोचलो. क्रीडा विभागाचे सर अगत्याने उठले, चहा मागवला, कपाटातल्या ट्रॉफ्या दाखवल्या. कॅरम, बुद्धिबळ, पुन्हा कॅरम. पुतणीने हळूच विचारलं, “सर, लाँग डिस्टन्सला कोण शिकवतं?” सर म्हणाले, “पळायला काय शिकवायचं? पळायचं!” मग मैदान दाखवलं. मांडवाच्या खांबांचे खड्डे तसेच होते, एका कोपऱ्यात चुलाण्याची काळी राख, आणि जिथे स्टार्ट लाइन असायला हवी तिथे एक द्रोण. तिने वाकून टाचेने माती दाबून बघितली आणि उठून हात झटकले. लग्न दणक्यात झालं असावं.

पुढची एकदोन कॉलेजंही अशीच अकरा ते पाचच्या वेळात उरकली. अकरा वाजता मैदानावर फक्त ऊन असतं.

खरं सांगायचं तर सिन्नरचं कॉलेज काय आणि नाशिकचं काय, विद्यापीठ एकच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. आंतरविद्यापीठ स्पर्धेला निवड झाली तर अंगावर जर्सीही तीच. मग घरचं सोडून जायचं कशाला, हा दादाचा प्रश्न बिनतोड होता. उत्तर पुतणीच्या नडग्यांत होतं. सिन्नरला ती पहाटे भरतीवाल्या पोरांमागे डांबरावर पळते. त्यांचं काम सोळाशे मीटरमध्ये संपतं, हिचं तिथे सुरू होतं, आणि संध्याकाळी नडग्या धरतात. शेजाऱ्यांनी मध्येच अमेरिका सुचवली. हरियाणाचा परवेझ खान फ्लोरिडा विद्यापीठाकडून पळाला, शिष्यवृत्ती मिळते वगैरे. पण तिकडच्या कित्येक कॉलेजांना कुंपणच नसतं हे ऐकल्यावर दादाने अमेरिका बाद केली.

शेवटी तीच म्हणाली, “काका, एकदा पहाटे जाऊ.” नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि उजाडायच्या आत गंगापूर रोडकडे, भोसला मिलिटरी कॉलेजच्या मैदानावर गेलो. सावरपाड्याची कविता राऊत याच मैदानावर विजेंदर सिंग यांच्या हाताखाली घडली आणि 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य घेऊन आली. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधवही इथलीच. 2017 मध्ये तैपेईला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजारचं रौप्य तिने मिळवलं.

हे सगळं मी पुतणीला ऐकवत होतो. तिचं लक्ष नव्हतं. समोरून पोरापोरींचा एक घोळका गेला. कुणाच्या बुटाला सुतळी, कुणाचा टी-शर्ट गुडघ्यापर्यंत. कुणी बोलत नव्हतं, नुसता मातीवर पावलांचा आवाज. पुढच्या चकरेला आले तेव्हा हिने चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि शेपटाला लागली. चपला सांभाळत मी बराच वेळ उभा होतो. एका वॉकवाल्या आजोबांनी विचारलं, “आपण कोच का?” मी नाही म्हणालो नाही.

घरी आल्यावर दादाने पहिला प्रश्न विचारला, “गेट कसंय?” दोघांनाही आठवेना. प्रवेश मात्र तिथेच घेतला, आणि रविवारी घरी येताना घाट पळत चढायचा नाही, अशी अट तिच्याकडून लेखी घेतली आहे.

सिन्नरहून कुणी पळणाऱ्या पोरीला घेऊन कॉलेज बघायला निघणार असाल, तर सहाच्या आत पोहोचा. चपला सांभाळायला एक काका सोबत न्या.