कोरियन पाहुण्याची विचारपूस : बेसिंगस्टोकच्या मराठी यजमानांसाठी

पाहुणा कोरियन, घर मराठी आणि गाव बेसिंगस्टोक असा योग जुळून आला की यजमानाने हातपाय गाळू नयेत. योग तसा दुर्मीळही नाही. कधी ऑफिसातला सहकारी असतो, कधी मुलीची युनिव्हर्सिटीतली मैत्रीण. युरोपातल्या मोठ्या कोरियन वस्त्यांपैकी एक, न्यू मॉल्डन, आपल्याच रेल्वेमार्गावर वॉटर्लूच्या बाजूला आहे. शिवाय गावाच्या नावातच गुण आहे. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या १८८७ सालच्या 'रडिगोर' या संगीतिकेत वेडी मार्गारेट बिथरली की तिला ताळ्यावर आणायला नुसतं 'बेसिंगस्टोक' म्हणतात. पाहुण्यावर मात्र हा उतारा करू नये. गावातले सगळे राउंडअबाउट पार करून आलेल्या माणसाला ते नाव पुन्हा ऐकवणं क्रूरपणाचं आहे.

दारात 'ऑसो ओसेयो' म्हणावं. या, या, आत या. बूट काढायला सांगावं लागत नाही. इंग्रज शेजाऱ्याला जे वर्षानुवर्षं उमगत नाही, ते कोरियन माणूस उंबऱ्याशीच करून मोकळा होतो.

पंचाईत होते ती बसवताना. कोरियन घराला जमिनीखालून ऊब देतात, तिला ओंदोल म्हणतात. जुन्या घरांत चुलीची धग जमिनीखालून खेळवत आणि चुलीलगतचा सर्वांत उबदार भाग, आरेन्मोक, वडीलधाऱ्यांना नाहीतर पाहुण्याला देत. चिनहमच्या सेमीडिटॅच्ड घरात आरेन्मोक म्हणजे रेडिएटरशेजारची खुर्ची. रेडिएटरवर मोजे वाळत असतात. ते आधी उचलावेत आणि मगच 'प्योनहागे आन्जुसेयो', म्हणजे आरामात बसा, हे वाक्य उच्चारावं.

त्यानंतर मुख्य प्रश्न : 'छुप्ची आनुसेयो?' थंडी नाही ना वाजत? उत्तर ठरलेलं आहे, 'क्वेन्छानायो'. याचा अर्थ ठीक आहे, बरं आहे, राहू द्या, आणि गारठून मेलो तरी तुम्हाला त्रास नको. नेमका कोणता, हे चेहऱ्यावरून कळत नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला म्हणून बोटं गारठली असंही समजू नये; वडीलधाऱ्यांकडून वस्तू दोन्ही हातांनी घेणं ही त्यांची रीतच आहे. खात्रीची खूण एकच, पायाची बोटं. ती मोज्यात आखडलेली दिसली तर थर्मोस्टॅट वाढवावा. विचारपूस फुकट असते, गॅस नसतो, म्हणून मुरलेले यजमान हा प्रश्न छताकडे बघत विचारतात.

क्रियापदाची शेपटी मात्र सांभाळावी. कोरियनमध्ये आदर तिथेच असतो, आणि 'ये, बस' आणि 'या, बसा' यांत वाढलेल्याला तो काही अवघड नाही. कोणाला अहो-जाहो करायचं हे ठरवायला कोरियन लोक वयाची चौकशी लवकर उरकतात. आपल्या मावशी-काकू ती काही न ठरवता करतात, एवढाच फरक.

जेवणाआधी 'शिक्सा हाश्योस्सोयो?' असं विचारतात. जेवण झालं का? आजीच्या कानाला ते 'शिक्षा झाली का?' असं ऐकू येतं. तिला दुरुस्त करू नये. पाचवी पुरी ताटात पडल्यावर पाहुण्यालाही ते पटतं.

आता घात होतो तो वाढताना. 'तॉ दुरिल्कायो?' अजून देऊ का? पाहुणी आनंदाने म्हणते, 'ने.' कोरियनमध्ये ने म्हणजे हो. आजी श्रीखंडाचं भांडं उचलून आत नेते. पाहुणी बघत राहते. मग बटाट्याच्या भाजीच्या वेळी पोट भरलेलं असतं म्हणून ती म्हणते, 'आनियो', म्हणजे नको. आजी म्हणते, 'आणते की, त्यात काय!' आणि पातेलंच घेऊन येते. अशा वेळी घरातल्या जाणत्याने मध्ये पडू नये. एका नकाराला नकार मानायचा नाही हे दोन्हीकडचं शास्त्र आहे. उच्चार चुकले तरी ताट भरायचं ते भरतंच. एकदाच विचारून बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावण्याची पद्धत हँपशरची आहे, तिचा आदर करावा, पण लांबून.

'छारिन कॉन ऑप्चिमान मानी दुसेयो' हे लांबलचक वाक्य पाठ करायला लोक भितात. त्याचा भावार्थ, फारसं काही केलेलं नाही, पण पोटभर जेवा. टेबलावर मसालेभात, कोशिंबीर, पुऱ्या, दोन भाज्या, तळण आणि पापड मांडून, मीठ ठेवायलाही जागा उरली नाही की ते म्हणायचं असतं. मराठी बाईला याचं प्रशिक्षण लागत नाही. 'विशेष काही नाही हो, घरचंच' हे आपण त्याच चेहऱ्याने म्हणत आलो आहोत.

निरोपाला दोन वाक्यं आहेत आणि ती उलटसुलट करू नयेत. जाणाऱ्याला राहणारा 'आन्न्योंगही गासेयो' म्हणतो, सुखरूप जा. राहणाऱ्याला जाणारा 'आन्न्योंगही केसेयो' म्हणतो, सुखाने राहा. यजमानाने चुकून दुसरं म्हटलं तर बूट घालणारा पाहुणा क्षणभर थबकतो, कारण त्याला राहायला सांगितलेलं असतं. मराठी घरात ही चूक धरत नाहीत. पाठोपाठ 'आता जेवूनच जा रात्रीचं' आलं, म्हणजे वाक्य बरोबरच होतं.