हवा हलवणारे

मे महिन्यात नागपूरचा पारा 45कडे सरकला, की इथल्या गिटारवाल्यांमध्ये धर्मयुद्ध पेटतं. एक पंथ म्हणतो, खरा आवाज हवा तर 12 इंची स्पीकरचं कॅबिनेट दणकवा आणि त्यापुढे 1965 पासून चालत आलेला शुअर एसएम 57 माइक लावा. माइक स्पीकरच्या शंकूच्या मध्यावर असला तर आवाज टोकदार, कडेला सरकवला की मऊ. या दोन बोटांच्या अंतरात भक्तांची अख्खी दुपार जाते. "हवा हलली पाहिजे राजेहो!" हे ब्रीद. पण नागपुरात हवा हलवायचं कंत्राट कुलरकडे आहे. चालू ठेवला तर माइकमध्ये त्याचीच घरघर, बंद केला तर वादक वितळतो.

दुसरा पंथ इम्पल्स रिस्पॉन्सचा. कुण्या थंड देशात कॅबिनेटमधून चाचणीचा सूर वाजवून त्याचा ठसा चिमुकल्या फाइलीत उतरवतात. स्पीकर बनवणारी सेलेशन कंपनीही 2017 पासून असे ठसे विकते. लॅपटॉपवर लावले, की शेजारच्या काकूंची वामकुक्षी शाबूत. जोरात वाजताना स्पीकरचा स्वतःचा आवाज थोडा फाटतो, तेवढं मात्र फाइलीत येत नाही. शिवाय शेकडो फाइली ऐकून निवडताना भाऊ दिवाळी गाठतो. गाणं राहूनच जातं.

गंमत म्हणजे त्या फाइलीतही माइक आहेच, दुसऱ्या कुणी लावलेला. वाद एवढाच, की घाम कुणी गाळायचा. निवाडा श्रोता देईल: सीताबर्डीच्या गर्दीत, मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरवर.